मुंबईच्या चौकात मुंबादेवी का नाही?

गिरगावचा_नाना (धागाकर्ता)
हुतात्मा चौकात १८६४ पासून एक बाई उभी आहे. फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी, तीही विलायतेहून आणवलेल्या दगडाची. सीएसएमटीच्या घुमटावर दुसरी, मशालवाली ‘प्रगती’. समोर पालिकेच्या इमारतीवर तिसरी, पंखवाली. तिघींचाही या बेटांशी काडीचा संबंध नाही. आणि जिच्यावरून शहराला नाव मिळालं ती मुंबादेवी? आधी ती बोरीबंदरालाच होती. इंग्रजांनी कोटाबाहेरची जागा मोकळी करताना देऊळ हलवलं आणि देवी भुलेश्वरच्या गर्दीत गेली. तिच्याच परिसरात पुढे ‘प्रगती’ चढवली! माझं स्पष्ट मत: कोस्टल रोडला समुद्राकडे तोंड करून मुंबादेवीचं भव्य शिल्प हवं. मुंबारक राक्षसाला लोळवणारी, अष्टभुजा.

वरळीची_कोळीण
नानानू, देवी आमची, आधी आम्हाला तरी विचारायचं! देवळात जाऊन बघा जरा. शेंदरी मुखवटा, चांदीचा मुकुट, नथ, झेंडूचे हार. वाहन रोज बदलतं, कधी नंदी, कधी सिंह. ब्राँझमध्ये कुठलं ओतणार? आमच्या वरळीत गोलफादेवीला कौल लावतात, ती काय म्हणते ते ऐकतात. रखवाली म्हणतात ती ही. उंच पुतळ्याला कौल कसा लावायचा? आणि कोस्टल रोडचं नाव आमच्यापुढे नको. बोटी जाव्यात म्हणून पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० करून घ्यायला कोळ्यांना भांडावं लागलं. तेव्हा देवीची आठवण कोणाला झाली नाही ती?

पोलंडवासी
नानांच्या बाजूने थोडं. वॉर्सॉची राखणदार म्हणजे सिरेना, ढाल-तलवार घेतलेली जलपरी. नदीकाठचा तिचा पुतळा १९३९ चा, लुडविका नित्शोवा या शिल्पकर्तीचा. त्यासाठी मॉडेल म्हणून बसलेली तरुण कवयित्री क्रिस्टिना क्राहेल्स्का १९४४ च्या नाझींविरुद्धच्या उठावात जखमींची शुश्रूषा करताना गोळ्या लागून गेली. ते ऐकल्यावर मला तो पुतळा नुसती दंतकथा वाटेनासा झाला. उलटं उदाहरणही तिथलंच: १९४८ मध्ये पिकासोने एका नव्या फ्लॅटच्या भिंतीवर तलवारीऐवजी हातोडा घेतलेली सिरेना काढली. बघ्यांच्या रांगांना वैतागून घरच्यांनी पुढे तिच्यावर रंग मारून घेतला!

खोडरबर
पण सिरेनेला कोणी नवस बोलतं का? फ्लोरालाही नाही. म्हणूनच त्या चौकात सुखाने उभ्या आहेत, त्यांचं पावित्र्य भंगत नाही. उद्या मुंबादेवीच्या खांद्यावर कबुतर बसलं की मोर्चा निघेल. आणि नाना, फ्लोराच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार आहेत, ते विसरलात की काय? संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांचं ते स्मारक. मुंबई आपल्याकडे राहिली ती त्यांच्यामुळे. मला तेवढी राखणदार पुरे.

गिरगावचा_नाना
हुतात्म्यांबद्दल कोण नाही म्हणतंय? मुद्दा बेटांच्या मूळ दैवताचा आहे. आणि मूर्तीच हवी असा हट्टही नाही. काळ्या घोड्याचंच बघा. एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्ये राणीबागेत गेला, २०१७ मध्ये तिथे बिनस्वाराचा घोडा आला. राजा नाही म्हणून कोणाचं काही अडलं? तसंच काहीतरी करू. समुद्राकाठी नुसता एक तांदळा, म्हणजे देवीचा अनघड दगड ठेवू, ना चेहरा, ना हात.

वरळीची_कोळीण
ठेवून तर बघा! पहिल्या रात्री कोणीतरी शेंदूर फासेल. आठवड्यात घंटा टांगली जाईल, मग दानपेटी, मग पत्र्याची शेड, आणि शेवटी ट्रस्टी कोण यावरून कोर्टकचेरी. मी स्वतः नारळ घेऊन येईन हो, पण मग त्याला शिल्प म्हणू नका.