पन्नाशीनंतर नुसतं चालून भागत नाही

उंबरठा (नाशिक)

पन्नाशी ओलांडली की घरचे, शेजारचे, फॅमिली डॉक्टर सगळे एकच सांगतात: गोड कमी करा आणि चालायला लागा. मग बूट येतात, मनगटावर घड्याळ येतं आणि रात्री दहा हजार पावलं भरली नाहीत म्हणून माणसं हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात. (हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून तो जगभर पसरला.)

माझं म्हणणं असं की चालणं चांगलंच, पण तेवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे. हृदय, साखर, मन यांना चालण्याचा फायदा होतो. मांड्या, खुबे, पाठ, हाताची पकड यांना फारसा होत नाही, कारण सपाट रस्त्यावर त्यांच्यावर नेहमीपेक्षा जास्त भार पडतच नाही. आणि उतारवयात माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहायला लागतो, तो बरेचदा दम कमी पडतो म्हणून नव्हे. खुर्चीतून उठवत नाही, बाथरूममध्ये पाय घसरला तर सावरता येत नाही, म्हणून. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण तीन ते आठ टक्के घटतात, साठीनंतर वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्याही आधी उतरते. बायकांची पाळी थांबली की पुढच्या काही वर्षांत हाडंही झपाट्याने विरळ होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमधली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सगळ्यांना पाठ असतात. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करायला सांगितलंय, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम. ते कोणी वाचत नाही.

तेव्हा आठवड्यातले दोन दिवस बूट कोपऱ्यात ठेवा आणि वजन उचला. डंबेल नसतील तर गव्हाची पाच किलोची पिशवी उचला. पटत नसेल तर भांडा.

टेकडीवाला (पुणे)

ताई, भांडायलाच आलो. बँकेत होतो तेव्हापासून रोज पर्वती चढतोय. पायऱ्या चढणं म्हणजे सपाट रस्ता नव्हे, तिथे मांडीला काय होतं ते पहिल्या दिवशी चढणाऱ्याला विचारा. आमच्यात पंचाहत्तरीचे दोघं आहेत, रविवारी सिंहगड करतात.

दुसरं म्हणजे चालण्यात सोबत असते. वर चार लोक भेटतात, खाली उतरलं की अमृततुल्यात अर्धा अर्धा कप होतो. कोण दोन दिवस दिसला नाही तर घरी फोन जातो. जिममध्ये हे कुठे? मुलाच्या आग्रहाखातर गेलो होतो. शिकवणारा पोरगा विशीतला, गाणी कानठळ्या बसवणारी, आणि वजनाला हात लावायच्या आत प्रोटीन पावडरचा डबा पुढे केला. माणूस जे हौसेने वीस-तीस वर्षं करत राहील, तोच त्याचा व्यायाम. बाकी सगळं जानेवारीत सुरू होतं आणि होळीच्या आत संपतं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, हे सारं शहरातल्या लोकायचं हाय. माही माय सत्तरीच्या वर हाय. सारा जन्म निंदण, कापसाची वेचणी, डोक्यावर गवताचा भारा. वजन उचलून उचलूनच तिचे दोन्ही गुडघे गेले, कंबर धरली. अन् तुम्ही म्हणता वजन उचला! जिनं जन्मभर उचललं, तिले इचारा पह्यले.

मुद्गल (कोल्हापूर)

उंबरठाताईंचं बरोबर आहे, फक्त यात नवीन काही नाही. आमच्याकडं तालमीत जोर, बैठका, मुद्गल हेच चालतं की. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी शंभर वर्षांपूर्वी गावोगाव सूर्यनमस्कार घालायला लावत होते, स्वतःही म्हातारपणापर्यंत घालत होते. आपण काय केलं, तर उठाबशा शाळेत शिक्षेला लावल्या. पोरांच्या डोक्यात बसलं की हे अपमानाचं काम. आता पन्नाशीला तीच पोरं ‘स्क्वॉट’ म्हणून पैसे भरून शिकतात.

पाट गेला, देशी संडास गेला, सगळं गुडघ्याच्या उंचीवर आलं. जमिनीवर बसून हात न टेकता उठून दाखवा, मग बोलू.

स्टेथो (ठाणे)

पेशाने फिजिशियन आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मुद्गल यांनी सांगितलेल्या बसून उठण्याची खरोखरच चाचणी आहे. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ती वापरली. दहा गुण, हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येकी एक गुण वजा, तोल डगमगला तर अर्धा. तिथल्याच गटाचा एका पायावर उभं राहण्याचा अभ्यास २०२२ मध्ये आला. ५१ ते ७५ वयाच्या सुमारे सतराशे लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं केलं, पाचातल्या एकाला जमलं नाही. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यू जास्त झाले. याचा अर्थ एका पायावर उभं राहिलं की आयुष्य वाढतं असा काढू नका. न जमणं हे बाकी काहीतरी बिघडल्याचं लक्षण असतं, म्हणून बघायचं. घरी करायचं तर ओट्याजवळ उभं राहून करा.

टेकडीवाला, पायऱ्यांचा मुद्दा मान्य. पण पर्वती हाताला आणि पाठीला काही देत नाही. शिवाय तुमचं शरीर त्याच पायऱ्यांना कधीच सरावलेलं आहे. ताकद वाढायला भार हळूहळू वाढवावा लागतो, तुमच्या पायऱ्या तेवढ्याच आहेत.

वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, सरासरी वय नव्वद, आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं मोजकी होती हे खरं, पण नंतर हेच पुन्हा पुन्हा दिसत आलंय.

रक्तदाब असणारे घाबरतात. श्वास रोखून जोर लावू नका, उचलताना श्वास सोडा. दाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा हर्निया असेल तर आधी तपासून घ्या. बाकीच्यांनी भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचा व्यायाम करावा. २०२३ मध्ये शेकडो चाचण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा रक्तदाब उतरवण्यात हा स्थिर ताणाचा प्रकार चालण्या-धावण्याच्याही पुढे निघाला.

उंबरठा

@वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या आईंना सल्ला देण्याची माझी प्राज्ञा नाही. पण तो भारा त्यांनी निवडलेला नव्हता. अंगदुखी असली तरी उचलायचा, पोटात काय गेलंय ते न बघता उचलायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. व्यायामात थोडं उचलायचं, दोन दिवस विश्रांती, मग किंचित वाढवायचं. विश्रांती काढून घेतली की त्याचीच झीज होते.

वऱ्हाडी_ठेचा

हे पटलं. मंग धाग्याचं नाव बदला. ‘पन्नाशीनंतर ज्यानं जन्मभर बसून काम केलं त्यानं’ असं लिवा. शेतात राबणाऱ्या बाईले पन्नाशीत वजन नाही, बसाले जागा पाहिजे.

दुपारचा_चहा

सगळ्यांचं वाचलं. मी बावन्न. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. दिवसातून चार-पाच वेळा त्यांना उचलून बसवते, कुशीवर वळवते, रात्री दोनदा उठते. पाळी जाण्याच्या वाटेवर आहे, घामाने जाग येते ती वेगळीच. मुलीचं बाळंतपण दिवाळीनंतर. ‘संतुलित जीवनशैली’ ऐकलं की हसू येतं. वजन उचलायला हरकत नाही हो, उचलतेच आहे. झोप कुठून आणू ते सांगा. एवढ्या लांब धाग्यात झोपेचं कोणी नावही काढलं नाही.

उंबरठा

झोपेचं राहिलंच, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. उचलण्याबद्दल मात्र ऐका. त्यांना उचलताना कंबरेतून वाकू नका. पावलं फाकवून, गुडघे थोडे मोडून, खुब्यातून वाका आणि त्यांना अंगाशी घ्या. पलंगावर वर सरकवायचं तर त्यांच्याखाली एक आडवी चादर कायमची ठेवा आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून ती ओढा. एकटीने काखेत हात घालून खेचू नका, तुमची पाठ आणि त्यांचा खांदा दोन्ही जातील.

दुपारचा_चहा

चादरीची युक्ती घेतली. पण ‘दोघांनी’ म्हणालात ना, तो दुसरा माणूस सकाळी तासभर चालायला गेलेला असतो. त्याची पावलं रोज भरतात.

टेकडीवाला

शेवटच्या वाक्यावर गप्प बसणंच बरं. पण डॉक्टरांना एक विचारतो. मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवतो, पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालतो. पोट उतरलं, साखरेचा तीन महिन्यांचा आकडा सुधारला. अजून काय पाहिजे?

शेवग्याची_शेंग (सोलापूर)

डॉक्टरांच्या आधी मी बोलते, आहारतज्ज्ञ आहे. आकडा सुधारला ते छानच, सोडू नका. पण वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी उतरत नाही, थोडे स्नायूही जातात. पन्नाशीपुढे गेलेले स्नायू परत आणणं जड जातं. म्हणून दोनदा जेवा नाहीतर सहादा जेवा (त्या वादात मला पडायचं नाही, लग्नात लोकांनी याच्यावरून ताटं सोडलेली पाहिलीत), त्या ताटात प्रथिनं किती ते मोजा.

आपल्या सरकारी पोषणशास्त्र संस्थेचा २०२० चा हिशेब वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास. पासष्टीपुढच्यांना किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम द्यावं, असं सांगणारे तज्ज्ञही बरेच आहेत. आता आपलं शाकाहारी ताट बघा. सकाळी पोहे, चार. दिवसभरात चार पोळ्या, बारा. दोन वाट्या आपलं नेहमीचं पातळ वरण, सात. भात चार, भाजी दोन, दही तीन, चहातलं दूध तीन. झाले पस्तीस. त्यात आषाढी, चतुर्थी, सोमवार आले की साबुदाणा. त्यात जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं.

पावडर लागत नाही. त्याच संस्थेने २०२४ मध्ये अशा पावडरींपासून लांबच राहायला सांगितलंय. वरण घट्ट करा. वाटीभर मटकीची उसळ सात ग्रॅम देते, मूठभर शेंगदाणे सात, दोन अंडी बारा. आमच्याकडे भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी चमचाभर घेतात, ती दोन चमचे घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारून.

टेकडीवाला

चटणी वाढवायला हरकत नाही. पिशवी उचलण्याचं अजून पटलेलं नाही. भिंतीला टेकून बसून पाहिलं, अर्ध्या मिनिटात मांड्या थरथरल्या. पण हा नवखेपणा असणार. पर्वतीवर आमच्या गटात सगळ्यांना करायला लावतो, मग सांगतो.

पहाटयोग (डोंबिवली)

इतकं सगळं वाचून वाटलं, योगासनांना कोणी विचारतच नाही. ताकद, तोल, श्वास, मन, सगळं एकाच चटईवर मिळतं, खर्च शून्य. मी अठ्ठावन्न, रोज बारा नमस्कार, त्यानंतर पश्चिमोत्तानासन. गेल्या महिन्यात तपासणीत हाडं ठिसूळ झालीत असं कळलं, तरी अंग लवचिक आहे. वजनं उचलून मोडून घेण्यापेक्षा हे बरं नाही का?

स्टेथो

@पहाटयोग, योगाला विरोध नाही, तोलासाठी वृक्षासन उत्तमच. पण हाडं ठिसूळ असताना पाठ गोल करून पुढे वाकणं हेच नको असतं. मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तो चेपला जाऊ शकतो. पश्चिमोत्तानासन आजपासून बंद. नमस्कारातलं हस्तपादासन दोनदा येतं, तिथे गुडघे मोडा, पाठ सरळ ठेवा आणि खुब्यातून वाका, जमिनीला हात लावायचा अट्टहास नको. भुजंगासन हलकं ठेवून चालेल. डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) झाली असेल तर कंबर आणि खुबा दोन्हींचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, बघा, उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर नुसत्या व्यायामावर राहू नका, औषधाचं बोलून घ्या. आणि हलकी वजनं, जवळ कोणी जाणकार असताना, तुम्हाला इथल्या बाकीच्यांपेक्षा जास्त लागतील. हाडाला भार हवा असतो.

पहाटयोग

रिपोर्ट शोधून आकडे टाकते. पश्चिमोत्तानासन थांबवते. नमस्कार मात्र सोडणार नाही, गुडघे मोडून घालीन. आणि जाणकार म्हणजे नक्की कोण, तेही सांगा. आमच्या सोसायटीच्या जिममध्ये जो आहे तो दहावीतल्या मुलांचे दंड फुगवून देतो.