प्रतिसाद: जाताना वेळ जास्त का लागतो

ताई, मुंबई-लंडन अंतर तेच, मग जाताना तासभर जास्त का, असं विचारलंत. सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किमी. पण विमान उडतं त्या १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.

आपल्या खान्देशातून खरी दगदग विमानाआधीच होते. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किमीच्या आसपास, त्यात गाडी लेट झाली तर? आई-अण्णा पहिल्यांदाच जाताहेत ना, त्यांना आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला पोचवा. दादरला उतरवा, सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं यायला नको.