शब्दचर्चा: डॉक्स ‘बांधायचे’ की ‘उभारायचे’?

पाटीपेन्सिल:
आमच्या कॉलेजातल्या नव्या मुलांसाठी एक टिपण मराठीत लिहितेय: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनमधल्या, म्हणजे डॉक्स म्हणतात त्या माहितीच्या पानांमधल्या, चुका दुरुस्त करायला हातभार कसा लावायचा. पहिल्याच वाक्यावर गाडी अडली. सांगायचं एवढंच आहे, की सोर्स फायलींपासून डॉक्युमेंटेशन बिल्ड करा, म्हणजे वाचायची पानं तयार करा, आणि मग फॉर्मॅटिंग तपासा. माझा खर्डा असा: ‘स्रोत धारिकांपासून दस्तऐवजीकरण उभारा व स्वरूपण तपासा.’ भावाला वाचून दाखवलं, तर म्हणाला, तलाठ्याची नोटीस आलीय का? सगळेच शब्द बदलायची तयारी आहे. सुचवा.

अर्धविराम:
भावाचं बरोबर आहे. दस्तऐवज म्हटलं की आपल्याकडे खरेदीखत, मुद्रांक आणि दुय्यम निबंधकाच्या दारातली रांगच आठवते. ग्रंथालयशास्त्रात ‘प्रलेखन’ चालतो, पण तोही मुलांच्या तोंडी बसणार नाही. ‘धारिका’ तर सरकारी टेबलावरच शोभते, फाइलला फाइलच म्हणा. आणि ‘स्रोत’ बरोबर लिहिलात म्हणून शाबासकी! निम्मी मराठी ‘स्त्रोत’ लिहिते. मूळ धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे. त्यात ‘त’ घुसायचं काहीच कारण नाही.

जुळारी:
छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, दिवसांत एका पुस्तकावर तीन वेगळी कामं व्हायची. केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलून ओळ तयार करायची ती जुळणी. पान कुठे तोडायचं, मथळा कुठल्या टायपात, समास किती, ही मांडणी. फर्मे, म्हणजे पानांचे मोठे ताव, छापून आले की घडी, शिलाई, पुठ्ठा, म्हणजे बांधणी. तुमच्या वाक्यातलं फॉर्मॅटिंग म्हणजे सरळ मांडणी. बिल्डला बांधणी म्हणा. मराठीत घर बांधतात, धरण बांधतात आणि पुस्तकही बांधतात, एकच क्रियापद. उभारणी गुढीची, मांडवाची, फार तर निधीची.

नवी_फांदी:
काका, ‘मांडणी’ला माझं मत. ‘फॉर्मॅट करा’ असं चुकूनही लिहू नका. आमच्याकडे पेनड्राइव्हला फॉर्मॅट मारतात, म्हणजे सगळं पुसून टाकतात. एखादा पोरगा डिस्क साफ करून बसेल.

‘बांधणी’बद्दल मात्र शंका आहे. तुमची बांधणी सगळ्यात शेवटी येते, बिल्ड सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालते. पायथनचे डॉक्स स्फिंक्स नावाच्या साधनाने तयार होतात. ‘डॉक’ फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक एचटीएमएल’ ही आज्ञा दिली की पडद्यावर आधी ‘रीडिंग सोर्सेस’ सरकत जातं, मग ‘रायटिंग आउटपुट’. म्हणजे जुळारी आणि बाइंडर एकाच आज्ञेत राबतात. ऑफिसात कुणी बांधणी म्हणत नाही. ‘बिल्ड मारली का?’ आणि ‘बिल्ड फुटली.’ स्त्रीलिंगी, लक्षात घ्या.

जुळारी:
बाइंडरचं निघालंच आहे तर विचारतो. तेच फर्मे एकाला पुठ्ठा बांधणीत आणि दुसऱ्याला कागदी बांधणीत द्यायचे, असं तुमच्याकडे असतं का?

नवी_फांदी:
असतं, आणि त्याला स्फिंक्समध्ये ‘बिल्डर’च म्हणतात! एचटीएमएलचा वेगळा, ईपब या ई-पुस्तकाचा वेगळा, साध्या मजकुराचा वेगळा. पीडीएफ हवी असेल तर लाटेकचा, म्हणजे पानं जुळवायच्या एका सांकेतिक भाषेचा. यात एक गंमत आहे. पायथन 2.5 पर्यंत हे डॉक्स हातानेच लाटेकमध्ये लिहिले जायचे. गेओर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स केलं आणि 2008 मध्ये आलेल्या 2.6 पासून मूळ लिखाण रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीत गेलं. जे लाटेक पूर्वी माणूस लिहायचा, ते आता बिल्डर लिहितो. बरं, हरलो. बांधणी चालेल.

अर्धविराम:
‘सोर्स’चं काय ठरलं? ‘स्रोत’ म्हटलं की मुलं सोर्स कोड समजतील. इथे कोडमधून मजकूर उपसून काढलाय की डॉक्स वेगळे लिहिलेत?

नवी_फांदी:
वेगळे लिहिलेत. अनेक प्रकल्पांत कोडमधल्या फंक्शनच्या पोटात लिहिलेलं डॉकस्ट्रिंग, म्हणजे माहितीचा मजकूर, उचलून पानं तयार करतात, पण पायथनच्या लायब्ररीची पानं स्वतंत्र फायलींत हाताने लिहिलेली आहेत. कोड आणि मजकूर एकत्र ठेवायचा पंथ जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘वेब’ नावाच्या प्रणालीत (इंटरनेटचं वेब नव्हे) एकाच फाइलवर दोन आज्ञा चालायच्या. ‘वीव्ह’ दिली की माणसाने वाचायचा मजकूर, ‘टँगल’ दिली की यंत्रासाठी पास्कल भाषेतला कोड. एक विणतो, दुसरा गुंता करतो.

अर्धविराम:
झकास! मग इथे ‘मूळ लिखाण’ म्हणा. कोडशी गल्लत होणार नाही.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे आभार. टिपण रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्येच लिहून स्फिंक्सने बांधून पाहिलं, तर ‘बांधणी’ या मथळ्यावरच ताकीद आली: ‘टायटल अंडरलाइन टू शॉर्ट.’ मथळ्याखाली बरोबरीच्या चिन्हांची रेघ द्यायची असते. शब्दात बां, ध, णी अशी तीन अक्षरं दिसतात, मी चार चिन्हं दिली होती. तरी कमी?

नवी_फांदी:
ते अक्षरं मोजत नाही. ब, काना, अनुस्वार, ध, ण, वेलांटी असे सहा मोजतं. तीनच चिन्हं दिली असतीत तर त्याला मथळा मानलंच नसतं, साधा मजकूर म्हणून सोडून दिलं असतं. सरळ दहा-बारा ठोका. रेघ लांब झाली तर तक्रार नसते.

त्याहून मोठा काटा विभक्तीचा आहे. कोडमधला शब्द दाखवायला दोन्ही बाजूंना दोन-दोन बॅकटिक, म्हणजे उलट्या अवतरणखुणा, देऊन ‘प्रिंट’ लिहून लगेच ‘ला’ जोडलात, ``प्रिंट``ला असं, की बांधणी अडखळते. बॅकटिक संपले की पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं. मराठीत प्रत्यय सुटा लिहायचा नसतो, म्हणून मधे उलटी तिरकी रेघ आणि एक स्पेस द्या: ``प्रिंट``\ ला. छापील पानावर ती दिसत नाही, प्रत्यय चिकटूनच येतो.

जुळारी:
आमच्याकडे अर्धा र तुटायचा, तुमच्याकडे ‘ला’ तुटतो.

पाटीपेन्सिल:
अखेरचा खर्डा देते, बघा:

‘मूळ लिखाणाच्या फायलींपासून डॉक्स बांधा. बांधून झाले की पान उघडून मांडणी तपासा: मथळे, तक्ते, कोडचे चौकोन. ताकीद आली तर ``मेक``च्या आउटपुटमध्ये फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, तिथे जा.’

अर्धविराम:
वाचताना कुठेही अडत नाही. भावाला परत वाचून दाखवा.

नवी_फांदी:
वाचणाऱ्याला अडणार नाही, स्फिंक्सला अडेल. ‘च्या’च्या आधी उलटी तिरकी रेघ राहिली.