थोनेटची १४ नंबरची खुर्ची: लाकूड वाकलं कसं?

सुतारपक्षी: फर्निचर बनवणाऱ्या मायकेल थोनेटच्या १८५९ च्या या खुर्चीत पाठ आणि मागचे पाय मिळून बीच झाडाच्या लाकडाचा एकच सलग दांडा आहे. नुसत्या वाफेवर वाकवला तर बाहेरून चिरतो. थोनेटने वेगळं काय केलं?

धागादोरा: पोलादी पट्टी! वाफवलेलं लाकूड दाबाने बरंच आखडतं, ताणाने मात्र जेमतेम १-२ टक्के वाढतं. म्हणून त्याने बाहेरच्या अंगाला पट्टी लावून दोन्ही टोकं आवळली. पट्टी लांबत नाही, मग दांडा आतून दबतच वाकतो. टोकाशी फट राहिली की पट्टी असून नसल्यासारखी.

रंधा: लाकूड सरळ तंतूंचं, बिनगाठीचं घ्या. भट्टीत वाळवलेलं नको. ओलावा साधारण २५ टक्के हवा. वाफ दर इंच जाडीला तासभर. लगेच साच्यावर घ्या आणि वाळेपर्यंत काढू नका, नाहीतर कमान उघडते.

सुतारपक्षी: आधी तो पातळ पट्ट्या सरसाने चिकटवायचा ना?

धागादोरा: हो, पण दमट हवेत सरस सुटायचा. सलग लाकडाने ती कटकटच मिटली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. बाउहाउस या आधुनिक डिझाइनच्या जर्मन शाळेच्या साठ वर्षं आधी!