ईएक्सटी४ थेट वाचणारी लायब्ररी: ३२-बिट बोर्डावर २ जीबीच्या पुढे गडबड

मालिमकर:
जेटीवरच्या भरती-ओहोटी नोंदवणाऱ्या यंत्रांची ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम) कार्डं माउंट न करता (सिस्टमच्या फोल्डरांत न जोडता) ब्लॉक डिव्हाइसवरून, म्हणजे थेट कच्चे ब्लॉक, वाचायची आहेत. त्यासाठी सीमध्ये शेअर्ड लायब्ररी लिहितोय. लॅपटॉपवर सगळं चोख. ३२-बिट एआरएम बोर्डावर मात्र २ ते ४ जीबीमधला ब्लॉक मागितला की प्रीड (दिलेल्या ऑफसेटवरून वाचणारं फंक्शन) ईआयएनव्हीएएल ही ‘चुकीचं आर्ग्युमेंट’ची एरर देतो, आणि ४ जीबीच्या पुढे एरर नाही, पण डेटा भलताच. ब्लॉक ४०९६ बाइटचा, ब्लॉक नंबर अनसाइन्ड लाँगमध्ये. ओ_डायरेक्ट (कर्नलची कॅशे टाळून वाचायचा फ्लॅग) लावलं तर पहिलंच वाचन फसतं. कार्डं गेली म्हणायची का?

फोंडेकर:
कार्डांना कशाला दोष, बाब! तिथे अनसाइन्ड लाँग ४ बाइटचा. ब्लॉक ६,००,००० गुणिले ४०९६ म्हणजे २,४५,७६,००,०००. ऑफ_टी (ऑफसेटचा टाइप) तिथे ३२-बिट साइन्ड असल्यामुळे हा आकडा ऋण होतो आणि कर्नल नाकारतो. ब्लॉक १०,४८,५७६ ला तर गुणाकार नेमका शून्यावर येतो, म्हणजे तुम्ही कार्डाची सुरुवातच वाचता. तो ब्लॉक डंप करून १०८० व्या बाइटवर ५३ ईएफ दिसतं का बघा. ती सुपरब्लॉकची, म्हणजे फाइल सिस्टमची मूळ माहिती असलेल्या भागाची, खूण.
_फाइल_ऑफसेट_बिट्स=६४ हा फ्लॅग देऊन कंपाइल करा म्हणजे ऑफ_टी ८ बाइटचा होतो, आणि गुणायच्या आधी ब्लॉक नंबर यूइंट६४_टी करा. गुणून झाल्यावर कास्ट केलंत तर उपयोग शून्य.

डिचोलीकर:
पण हेडरमध्ये ऑफ_टी ठेवू नका. तो फ्लॅग न लावता कुणी प्रोग्राम बांधला तर तो ४ बाइट पाठवणार, लायब्ररी ८ धरणार, पुढचे आर्ग्युमेंट सरकणार. कंपायलर चकार शब्द काढत नाही. बाहेर इंट६४_टीच द्या. स्ट्रक्टही उघडं नको, नुसता हँडलचा पॉइंटर. नाहीतर एक फील्ड वाढलं की एसओनेम (लायब्ररीचं आवृत्तीसकट नाव) बदला आणि सगळे प्रोग्राम परत बांधा.
ओ_डायरेक्टला बफरचा पत्ता, ऑफसेट आणि लांबी तिन्ही सेक्टरच्या पटीत लागतात, मॅलॉक तशी हमी देत नाही. पॉझिक्स_मेमअलाइनने ४०९६ वर बफर घेता येईल. ४०९६ च्या सेक्टरवर १०२४ चा ऑफसेटही चालत नाही. शून्यापासून वाचून आतला भाग घ्यावा लागतो. या कामाला मुळात ते हवंच कशाला?

साखळीकर:
एक राहिलं. पावसात वीज जाऊन यंत्र धाडकन बंद पडलं असेल तर शेवटचे बदल जर्नलमध्येच (बदल आधी टिपून ठेवायच्या जागेत) अडकलेले असतात, आणि तुमची लायब्ररी जुने ब्लॉक खुशाल वाचते. सुपरब्लॉकच्या ९६ व्या बाइटपासूनच्या इनकम्पॅट फील्डमध्ये ४ चा बिट, म्हणजे ‘जर्नल लागू करायचं बाकी’ची खूण, लागलेला असेल तर लायब्ररीने सरळ नकार द्यावा. मग डीडी कमांडने प्रत काढून ई२एफएससीके (फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) त्या प्रतीवर चालवा, मूळ कार्डावर नको.
आणि हे सगळं हाताने लिहिण्याआधी लिबईएक्सटी२एफएस ही ईएक्सटी४ वाचणारी तयार लायब्ररी पाहिलीत का? ग्रुप डिस्क्रिप्टर (ब्लॉकांच्या प्रत्येक गटाची माहिती) ३२ बाइटचा की ६४ चा, ही कटकट तिने केव्हाच सोडवली आहे.

मालिमकर:
१०८० वर ५३ ईएफच निघालं. दोन कार्डांवर ४ चा बिटही लागलेला आहे, त्यांच्या प्रती काढतोय.