कडाक्याच्या थंडीत गाडी धुवावी का?

प्रश्न: पारा शून्याच्या आसपास आहे, रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकलंय. गाडी आत्ता धुवावी की थंडी सरेपर्यंत थांबावं? काचेवर गरम पाणी चालेल?

प्रतिसाद १: थांबू नका, मीठ पत्रा खातं. दुपारी पारा ५ अंशांच्या वर गेला की धुवा. आधी चाकांच्या कमानी आणि गाडीचं पोट. गंज तिथेच धरतो. काचेवर कढत पाणी अजिबात नको, गारठलेली काच तडकते. कोमट पुरे.

प्रतिसाद २: पुसणं जास्त महत्त्वाचं. दाराच्या रबरात पाणी राहिलं तर रात्री गोठून दार चिकटतं आणि ओढलं की रबर फाटतं. रबर कोरडं करून सिलिकॉन स्प्रे मारा.

प्रतिसाद ३: धुतल्यावर थोडं चालवून ४-५ वेळा हलके ब्रेक दाबा, डिस्क सुकतात. रात्री सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये लावा; ओला हँडब्रेक गोठतो.