सॅम्पल ४० काउंटचं, माल ३६ चा, वर पार्टी म्हणते पैसे टाका

धोटा_कांडी:
इचलकरंजीत घरचे १२ माग आहेत. दलालाच्या ओळखीने एका नव्या पार्टीकडून ४० काउंटचं सूत घेतलं (काउंट म्हणजे धाग्याचा बारीकपणा, आकडा जितका मोठा तितका धागा बारीक), आधी सॅम्पलचे दोन कोन पाठवलेले ते झकास चालले म्हणून ८०० किलोची ऑर्डर दिली आणि निम्मे पैसे ॲडव्हान्स. आता त्या मालाच्या कांड्या भरून बाण्याला (आडव्या धाग्याला) घेतलं तर कापड हाताला जड लागतंय, धागा सारखा तुटतोय, तागे पण कमी निघतायत. तपासून घेतलं तर १२० वार सूत १.८० ग्रॅम भरलं, ४० ला १.६२ पाहिजे. म्हणजे ३६ काउंट झालं, कोनावर लेबल मात्र ४० चं! फोन केला तर म्हणे थोडाफार फरक चालतोच, तुम्ही वापरलंत ना, बाकी पैसे टाका नाहीतर एमएसएमईत (लघुउद्योगांचे थकलेले पैसे मिळवून देणाऱ्या कायद्याखाली) तक्रार करतो. बिलावर छापलंय एकदा विकलेला माल परत घेणार नाही. माल येऊन ११ दिवस झाले, निम्मा गोडाऊनला पडून आहे. काय करू?

तागेवाला:
कसला थोडाफार, सूत किलोवर घेतो आपण, ३६ निघालं की लांबी सरळ १०% कमी. मी मागं असाच फसलो आणि रागारागात सगळा माल विणून मोकळा झालो, नंतर दाखवायला एक कोन नव्हता. सॅम्पल जपून ठेवलंय का?

भावा_बोल:
४२० ठोका सरळ

कोर्टाची_पायरी:
४२० गेलं, आता न्यायसंहितेचं ३१८, आणि पोलीस बहुतेक म्हणतील दिवाणी मॅटर आहे. दादा, तुमच्याकडे चारच दिवस आहेत. एमएसएमई कायद्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात, फोनवरचं भांडण त्यात मोजत नाहीत. आजच ईमेल करा, पोस्टाने पण पाठवा, टेस्टचा रिपोर्ट जोडा, माल उचलून न्या म्हणून लिहा. आणि उरलेल्याला हात लावू नका, निम्मं विणलंय त्यावरून तो वाद घालणारच. १९३० च्या मालविक्री कायद्यात कलम १५ आणि १७ आहे, माल वर्णनाला आणि नमुन्याला, दोन्हीला जुळला पाहिजे. विणलेल्या मालाची भरपाई बाकी पैशातून वळती करायला कलम ५९ आहे. बिलावरची ओळ सौदा झाल्यावर आलीय, तिला घाबरू नका. पार्टी स्वतः सूत काढते की नुसती ट्रेडर? ट्रेडरला एमएसएमई कायद्यातल्या ४५ दिवसांत पैसे द्यायच्या नियमाचा फायदा नाही.

धोटा_कांडी:
ट्रेडरच आहे बहुतेक, उद्यम सर्टिफिकेट (एमएसएमई नोंदणीचं) मागतो. सॅम्पलचा एक कोन सापडला, दुसरा पोरानं पतंगाला नेलाय 🤦 ईमेल रात्रीच टाकतो. दलालाला पण कॉपी टाकू का?

कोर्टाची_पायरी:
टाकाच, सॅम्पल त्याच्याच हातून आलंय ना. तो कोन पाकिटात घालून दलालाची सही घ्या वर.